ऐकवायला आलेली माणसं

बुरुलने त्यांना खिडकीतून पाहिलं तेव्हा तिची न्याहारी अर्धी झाली होती. फाटकातून तीन म्हातारे आत येत होते, आणि चालत येत होते. पुढे तोक्तोसुन, जो शेजाऱ्याकडे मीठ मागायलाही घोड्यावर बसून जातो. त्याच्या मागे इमाश, आणि इमाशच्या मागे गावचा मौलवी. तिघांनी पांढऱ्या लोकरीच्या ठेवणीतल्या टोप्या घातल्या होत्या. कुणी खाकरलं नाही, कुणी कुत्र्याला हाड केलं नाही, "वहिनी, चहा उकळतोय की नाही?" असं कुणी फाटकातूनच ओरडलं नाही. त्यांच्या मागे तिचा थोरला, रीसपेक. तो जिल्ह्याच्या गावी गुरांचा डॉक्टर. मंगळवारी सकाळी त्याचं इथे काही काम नव्हतं. सगळ्यांत शेवटी, फाटकाची कडी लावायला थांबलेली झेनेप, तिची मुलगी. झेनेप बिश्केकला राहते, आणि बिश्केकहून इथे यायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो.

बुरुलने हातातला भाकरीचा तुकडा खाली ठेवला. पालथी भाकरी अपशकुनी, म्हणून तो पालथा तर पडला नाही ना, हे सवयीने पाहिलं. मग हात मांडीवर घेऊन ती बसून राहिली. तिला कळलं होतं.

या खोऱ्यात मरणाची बातमी कुणाच्या अंगावर फेकत नाहीत. कुणाचं दूरदेशी बरंवाईट झालं, की गावाला आधी कळतं आणि घराला शेवटी. मग सकाळच्या वेळी म्हातारी माणसं चांगले कपडे घालून त्या घरी जातात. हवापाण्याचं बोलतात. मग हळूहळू, वळसे घेत घेत, बोलणं अशा जागी आणून ठेवतात की ऐकणाऱ्याला आपसूक उमगावं. याला गावात 'ऐकवणं' म्हणतात. बुरुलने अशी तीसचाळीस घरं पाहिली होती. म्हाताऱ्यांचं बोलून झालं की बायकांच्या बाजूने रडगाणं धरायचं काम तिचंच असे, कारण अख्ख्या खोऱ्यात तिच्यासारखा आवाज नव्हता. ऐकवण्याची एकेक पायरी तिला पाठ होती. आणि एक गोष्ट तिने दर घरात पाहिली होती. ज्याचं दुःख, तोच त्या खोलीत एकटा असतो. बाकी सगळ्यांना माहीत असतं.

धाकटा जोलदोश तीन वर्षं रशियात होता, येकातेरिनबर्गला इमारतींवर विटा रचत होता. मागचे दोन रविवार त्याचा फोन आला नव्हता. त्याची बायको नुरजामल म्हणाली होती, "एने, त्यांची पाळी बदललीय." आणि म्हणताना तिने सासूकडे न बघता चुलीत बघितलं होतं.

माणसं आत आली. दारासमोरच्या मानाच्या जागी तोक्तोसुन बसला, त्याच्या दोन्ही बाजूंना बाकीचे दोघे. रीसपेक दाराशी. झेनेप आईच्या इतकी जवळ बसली की तिच्या गुडघ्याला गुडघा लागला. धरायला बसली, बुरुलच्या मनात आलं. मी कोसळले तर धरायला.

"हिवाळा लांबला यंदा," तोक्तोसुन म्हणाला.

"लांबला."

"घाटात अजून बर्फ आहे म्हणतात."

"असेल."

"कोकरं किती झाली?"

"अकरा. एक गेलं."

इमाशने मान हलवली. मौलवीने दाढीवरून हात फिरवला. तोक्तोसुन गालिच्याच्या किनारीकडे बघत राहिला. हा माणूस तिच्या नवऱ्याचा जिवलग मित्र, उभ्या आयुष्यात गप्प बसलेला कुणाला आठवत नाही, आणि आज त्याला शब्द सापडत नव्हते.

"वहिनी," तो शेवटी म्हणाला, "माझ्या बापाची एक घोडी होती. तुम्ही पाहिली नाहीत, तुम्ही या गावात यायच्या आधीची गोष्ट. तिच्यासारखी घोडी मी पुन्हा पाहिली नाही. ओझं किती लादा, कुरकुर नाही. लंगडायची, पण आपल्या नकळत. आम्ही समजायचो ठीक आहे. मग एका वसंतात नदी ओलांडताना तिचा पुढचा डावा पाय..."

तो थांबला.

तेवढ्यात नुरजामल आतल्या दारातून आली. तिच्या दोन्ही हातांत पाण्याने भरलेलं भांडं होतं.

ते पाणीही बुरुलला ओळखीचं होतं. शब्द उच्चारला गेला की ऐकणाऱ्याची शुद्ध हरपते, म्हणून पाणी आधीच आणून ठेवतात. कित्येकदा तिनेच आणून ठेवलं होतं.

बुरुलने डोक्याचा रुमाल सोडला. दोन पांढऱ्या, बारीक वेण्या खांद्यावर पडल्या. ती गुडघ्यांवर वळली, पाठ माणसांकडे आणि तोंड भिंतीकडे केलं, जसं बाईने करायचं असतं, आणि दोन्ही हात कमरेला लावून तिने सूर धरला. चाळीस जणांसाठी धरलेला सूर, नवऱ्यासाठी धरलेला सूर. तो आता धाकट्यासाठी निघताना घशात फाटला.

"परक्यांची घरं बांधणाऱ्या माझ्या लेकरा, तुझ्या घराचं छप्पर कोण घालील रे..."

"वहिनी!" इमाश उठून उभा राहिला.

"आपा, आपा, थांब!" झेनेपने आईला मागून मिठी मारली. "काय करतेस? कुणासाठी रडतेस?"

"सोड. मला रडू दे. माझा जोलदोश..."

"जोलदोश जिवंत आहे," रीसपेक दारातून ओरडला. "आपा, तो जिवंत आहे. त्याला काही झालेलं नाही."

मौलवी पुटपुटत दोन्ही हात तोंडावरून फिरवू लागला. जिवंत माणसाचं रडगाणं म्हणजे फार वाईट. बुरुल भिंतीकडे तोंड करून तशीच राहिली. तिला वाटलं, हे लोक घाबरले, त्यांनी सांगायचं पुढे ढकललं.

"मग त्याचा आवाज ऐकवा," ती म्हणाली.

नुरजामलने भांडं खाली ठेवून फोन काढला, आणि बुरुलने मोजली तर सहा वेळा घंटी वाजली. मग वारा ऐकू आला, कुठेतरी लोखंडावर लोखंड आपटलं, आणि जोलदोशचा आवाज आला. "हां, शेवटी! बोल. मी वर आहे, परांचीवर."

"आपा बोलतेय," नुरजामल म्हणाली आणि फोन सासूच्या कानाला लावला.

"आपा? काय झालं? तब्येत बरी ना?"

"बरी आहे," बुरुल म्हणाली. "देवाची कृपा. तुझी?"

"बरी आहे. आपा, मुकादम बघतोय. संध्याकाळी करतो."

आणि तो गेला. बुरुलने रुमाल उचलला. झेनेपने बांधून दिला. बुरुलच्या मनात आनंद किती आणि लाज किती हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. तीन म्हातारे गालिच्याकडे बघत होते. अशी फजिती त्यांच्याही आयुष्यात पहिलीच.

जरा वेळाने ती वळून बसली आणि तिने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं.

"मग तुम्ही कशाला आलात?"

तोक्तोसुनने रीसपेककडे पाहिलं. 'तुझी आई, तूच निस्तर' असं त्याच्या नजरेत स्वच्छ लिहिलेलं होतं.

"तुझ्या तब्येतीचं बोलायला," रीसपेक म्हणाला. "तू आमचं ऐकत नाहीस. म्हटलं, मोठी माणसं आली तर ऐकशील. दवाखान्यातल्या नर्सने गेल्या आठवड्यात तुझा रक्तदाब मोजला ना? तिने मला फोन केला. तू गोळ्या घेत नाहीस."

"कसल्या गोळ्या?"

"जानेवारीत दिलेल्या. दर महिन्याला पाठवतो त्या."

"त्या ताकदीच्या ना? तूच म्हणालास ताकदीच्या."

रीसपेक आपल्या पिशवीचा बंद ओढू लागला.

"मला कसली ताकद हवीय या वयात? मी काय पोरं काढणार आहे? ज्याला गरज होती त्याला दिल्या. काळ्या मेंढीला जुळी झाली, त्यातलं लहानगं उभं राहीना. रोज एक गोळी, दुधातून. बाकीच्या फळीवर पडून आहेत."

गुरांच्या डॉक्टराचं तोंड हळूहळू उघडलं. त्याच कोकरासाठी तो दोनदा एवढ्या लांबून आला होता. पाय तपासले, सुया टोचल्या, पुस्तकं चाळली. तिसऱ्या दिवशी कोकरू मेलं, आणि का मेलं हे कळलं नाही म्हणून तो दोन रात्री नीट जेवला नव्हता. इमाशचे खांदे हलायला लागले. मौलवी छताकडे बघू लागला.

"हसू नका," झेनेप म्हणाली. तिचा आवाज चढला, पण रोख भावाकडे होता. "मी म्हणत होते, तिला सरळ सांगू या. जानेवारीपासून म्हणतेय."

"तू? तूच म्हणालीस, ती घाबरेल, कळलं तर खाटेवरून उठायची नाही."

"ते पहिल्या दिवशी. नंतर मी म्हटलं, तिला बिश्केकला माझ्याकडे आणते. तर तू म्हणालास, घर सोडलं तर ती महिन्यात संपेल."

"संपलीच असती. चौथ्या मजल्यावर कोंडून ठेवली असतीस."

"आणि इथे काय चाललंय? कोकराला औषध पाजतेय."

दोघं तिच्या डोक्यावरून भांडत होती. लहानपणी एका उशीसाठी अशीच भांडायची, आणि उशी कुठे तरी तिसरीकडेच पडलेली असायची. बुरुल त्यांना थांबवायला गेली नाही. जानेवारीतल्या त्या दिवशी ती स्वतः तिथेच होती. डाव्या हातातून चहाची वाटी सुटली होती आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. जिल्ह्याच्या इस्पितळात पोचेपर्यंत सगळं पुन्हा जागच्या जागी आलं. डॉक्टरीण तरुण होती, गोड होती. तिने बुरुलचा हात थोपटला आणि रीसपेकला बाहेर बोलावलं. दार पुरतं लागलं नव्हतं. फटीतून बुरुलला मुलाची पाठ दिसत होती, आणि ती पाठ हळूहळू वाकत गेली होती. आत येऊन तो हसला आणि म्हणाला, "काही नाही, आपा. थकवा आहे." तिने विचारलं नाही. त्याने एवढ्या कष्टाने हसू आणलं होतं, ते कशाला मोडायचं.

"इस्पितळाचा कागद माझ्याकडे आहे," नुरजामल म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. सहा वर्षांत या सुनेने थोरल्या दिरासमोर आपणहून तोंड उघडलं नव्हतं.

"नुरजामल," रीसपेक म्हणाला.

"दादा, मी वाचते. तुम्ही मला कुणाला सांगायला मना केलंत. ह्यांनाही सांगायचं नाही म्हणालात, तो परमुलखात एकटा आहे म्हणून. आधी कसंबसं निभावलं, आता दोन रविवार ह्यांचा फोन वाजतोय आणि मी उचलत नाही. मला ह्यांच्याशी खोटं बोलता येत नाही. म्हणून एनेंना वाटलं..." ती पेटीकडे गेली आणि घडी घातलेला कागद घेऊन सासूच्या समोर बसली. झेनेपने सरकून तिला जागा दिली, आणि हात तिच्या पाठीवर ठेवला. रीसपेक दाराशी एकटा उभा राहिला.

नुरजामलने वाचलं. कागदावरचं अवघड होतं, तिने सोपं करून सांगितलं. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तात गुठळी अडकली होती. अर्ध्या तासात सुटली. पुन्हा अडकू शकते, आणि पुढच्या वेळी सुटेलच असं नाही. बोलणं जाऊ शकतं, एक बाजू जाऊ शकते, जीव जाऊ शकतो. रक्तदाब आटोक्यात ठेवला तर हे सगळं टळण्याची आशा चांगली आहे. रोज सकाळी दोन गोळ्या, कायमच्या. चालणं. मीठ कमी.

"मीठ," बुरुल म्हणाली.

नुरजामलने मान खाली घातली. "फेब्रुवारीपासून तुमच्या चहात मीठ घालत नाही, एने. आधी निम्मं केलं, मग बंद."

बुरुलने आपल्या वाटीत पाहिलं. दुधाचा चहा, वर साय धरलेली. या खोऱ्यात तो मीठ घालूनच पितात.

"मला वाटलं माझी जीभ मेली," ती म्हणाली. "माझी आई म्हणायची, जायची वेळ आली की आधी चव जाते. दोन महिने मी रोज सकाळी हा चहा पितेय आणि मनात म्हणतेय, चला, जवळ आलं. तुम्हाला कुणाला सांगितलं नाही. म्हटलं, पोरं घाबरतील."

झेनेपने ओढणीत तोंड लपवलं. दोन महिने एकाच चुलीभोवती बसून एक बाई मरणाची वाट बघत होती आणि दुसरी तिचा जीव वाचवत होती, आणि दोघींनी एकमेकींना अवाक्षर सांगितलं नव्हतं. बुरुलला त्या सकाळी आठवल्या, एकामागून एक, आणि नवरा गेल्यानंतरच्या वर्षातसुद्धा आपण इतक्या एकट्या नव्हतो असं तिला वाटलं.

"म्हणजे तुम्ही मरणाचंच ऐकवायला आला होता," ती तोक्तोसुनला म्हणाली. "कुणाचं, एवढंच मी चुकले."

"वहिनी, असं नका म्हणू."

"घोडी मी होते ना?"

तोक्तोसुन लाजला. "चांगली घोडी होती," तो म्हणाला.

"जनावराला सुई टोचताना त्याला विचारत नाहीत, ते ठीक. त्याला उत्तर देता येत नाही." ती रीसपेककडे वळली. "मला येतं रे. दुखणं माझं, डोकं माझं, आणि माझ्याविषयी नर्स तुला फोन करते. तू गावातल्या तीन म्हाताऱ्यांना सांगतोस. मेंढ्यांना सांगायचं तेवढं राहिलं."

"मी भ्यायलो होतो, आपा," रीसपेक म्हणाला. त्याचं वय एक्कावन्न, मिशा पिकलेल्या. "तुला सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं."

हाताने तिने शेजारची जागा दाखवली. तो येऊन बसला, आणि पिशवीतून त्याने रक्तदाब मोजायचं नवं यंत्र काढलं. तिच्या दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, आकडा पाहिला, आणि सवयीने त्याचं तोंड 'ठीक आहे' म्हणायला उघडलं. आई त्याच्याकडे बघत होती.

"एकशे नव्वद," तो म्हणाला. "वाईट आहे."

"हं. बघ, सांगता येतं."

नुरजामलने पाण्याचं भांडं पुढे केलं. ते मुळात गोळीसाठीच आणलेलं होतं, म्हाताऱ्यांचं बोलून झालं की लगेच द्यायला. बुरुलने दोन्ही गोळ्या घेतल्या आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.

"आता मलाही लाव रे ते," तोक्तोसुन अचानक म्हणाला आणि कोटाची बाही वर करू लागला. "माझी पोरं पण म्हणतात, काही नाही, थकवा आहे. कोपऱ्यात जाऊन फोनवर बोलतात आणि बाहेर येऊन हसतात." त्याने दंड पुढे केला, आणि बुरुलला पहिल्यांदा दिसलं की तो दंड किती बारीक झाला आहे.

रीसपेकने मोजलं. "एकशे ऐंशी, काका. चांगलं नाही."

म्हाताऱ्याने मान हलवली. इमाशही आपली बाही चाचपू लागला होता.

मौलवीच्या सांगण्यावरून नुरजामलने तेलात सात पुऱ्या तळल्या, जोलदोशवरून अपशकुन उतरावा म्हणून. तेलाचा वास घरभर झाला. माणसं बोलली, हसली, कोकराचा किस्सा पुन्हा पुन्हा सांगितला गेला, मग म्हातारे उठले, आणि तीन वाजता गाडी आली. झेनेपला उद्या कामावर हजर व्हायचं होतं. रीसपेक तिला घाटापर्यंत सोडायला गेला. दोघं गाडीत शेजारी बसली तेव्हा बोलत नव्हती, पण मागची काच खाली करून दोघांनीही हात हलवला. नुरजामल मेंढ्यांकडे गेली. जाताना फोन चुलीशेजारी ठेवून गेली.

घरात सामसूम झाली. जानेवारीपासून जे सगळ्यांना ठाऊक होतं ते आता तिलाही ठाऊक झालं होतं, आणि तरी संध्याकाळ कालच्यासारखीच आली. बुरुलने वाटीत चहा ओतला. मिठाची बरणी फळीवर होती, हाताला येईल अशी. तिने तिच्याकडे पाहिलं आणि चहा तसाच प्यायली. बेचव होता. पण आता तो नुसताच बेचव होता.

डोंगरावरून ऊन सरकत असताना फोन वाजला.

"आपा? सुटलो कामावरून. सकाळी काय झालं होतं? तब्येत बरी ना?"

हे विचारलं की काय म्हणायचं, ते इथे पोरं बोलायला लागतात तेव्हाच शिकतात. बुरुलच्या ओठांवर ते आलंच होतं.

"नाही रे," ती म्हणाली. "बरी नाही."

या उत्तराला पुढे काय म्हणायचं, ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

"तू कुठे आहेस?"

"खोलीवर. बाकीचे अजून यायचेत."

"खाली बस. जवळ पाणी आहे का?"

"आपा," त्याचा आवाज बदलला, "कोण गेलं? आपा, कोण गेलं ते सांग."

"कुणी गेलेलं नाही. मी आहे, मीच बोलतेय ना. बस आधी. आणि मधे बोलू नकोस."

तिने त्याला हातातून सुटलेल्या वाटीपासून सगळं सांगितलं, वळसे न घेता. हवापाण्याचं नाही, घोडीचं नाही. गुठळी, आकडा, गोळ्या, काय होऊ शकतं ते, आणि काय केलं तर टळू शकतं ते. कोकराचंही सांगितलं, पण तो हसला नाही. आधी नुसता श्वास ऐकू येत होता. मग तिला कळलं की तो रडतोय, तोंडावर हात घट्ट दाबून, भिंतीपलीकडच्या माणसांना ऐकू जाऊ नये म्हणून.

चाळीस घरांत तिने माणसांना ऐकवताना पाहिलं होतं. प्रत्येक घरात त्या क्षणी कुणी ना कुणी पुढे होऊन खांद्यावर हात ठेवी, भांडं ओठांना लावी. ती चुलीशेजारी बसून होती आणि तो हजार मैलांवर एका रिकाम्या खोलीत.

"पाणी पी," ती म्हणाली.

नळ सोडल्याचा आवाज आला. तो पाणी पिऊन परत येईपर्यंत बुरुल फोन कानाला धरून थांबली.